रामिझच्या नावाची पाणपोई

मोबाईल खाली ठेवा पाहू आधी. आणि त्या बिया जरा हळू फोडा, तुमची कडकड ऐकत गोष्ट सांगायची म्हणजे वैताग आहे. ही आपल्या नायफची गोष्ट. वरच्या आळीतला, पिकअप चालवायचा तो. तुम्ही पाहिलंय त्याला.

त्याचा रामिझ बांधकामावर उन्हात कोसळला, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांचं पोर. पाणी पाणी करत होता म्हणे. पण कुणी दिलं का? नायफने सोबतच्या प्रत्येकाला विचारलं, सगळे मान खाली घालायचे. पोरगं गेलं हे त्याने एक वेळ गिळलं असतं. पण ते तहानलेलंच गेलं का, या प्रश्नाने त्याची झोप उडाली होती.

म्हणून त्याने पाणपोई घालायचं ठरवलं. हत्तीन नावाच्या दोनशिंगी टेकडीखाली, रस्त्याकडेच्या जुन्या झाडाशी. नवा मातीचा रांजण घेतला आणि आईची तांब्याची वाटी, काठाला पोचा आलेली. दिवसा लोक सांत्वनाला थांबतील, ते त्याला नको होतं. रात्रीच निघाला. तारीख तीन जुलै.

"अबू सखर, ही भुताची गोष्ट ना? मग भुतांनाही तारीख लागते का हो?"

लागते, जिर्यिस. आठशे वर्षांपूर्वी याच रात्री क्रुसावाल्यांचं सैन्य त्या माळावर पाण्यावाचून अडकलं होतं. तळं समोर, आणि मध्ये आपली, मुसलमानांची फौज. आपल्यांनी भोवतीचं गवतही पेटवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना कापून काढलं. शाळेत आम्ही हे छाती फुगवून सांगायचो.

"म्हणजे आमचेच मेले की!"

तुझे कसले? तुझा खापरपणजा तेव्हा इथेच जैतुनाची झाडं झोडत होता. ते समुद्रापलीकडचे. चर्चमध्ये मेणबत्ती लावतोस म्हणून काय सगळेच तुझे मामा? गप ऐक.

नायफने रांजण बसवला, काठोकाठ भरला, झाकणावर वाटी ठेवली. तेवढ्यात धुराचा वास आला. जळक्या गवताचा. त्याने चहूकडे पाहिलं. कुठेच जाळ नव्हता.

मग आवाज आला. लोखंडाचा. जड पावलं टाकत कुणीतरी...

झाडाखाली तो उभा होता. अंगात लोखंडी कड्यांचा अंगरखा. छातीवर क्रूस. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. ओठ चिरलेले... काळे पडलेले. नुसता रांजणाकडे बघत राहिला.

नायफचा हात झाकणावरच थांबला. ज्याला वाडवडिलांनी पाणी दिलं नाही, त्याला आपण कसं द्यायचं? पण ते ओठ...

"पी," तो म्हणाला. "पी, बाळा."

त्या पोराने दोन्ही हातांनी वाटी घेतली. प्यायला. पुन्हा पुढे केली. त्याच्या मागे अंधारात आणखी कुणीतरी... आणखी... वाटी हातोहात फिरत होती. नायफ रडत होता. भरून देत होता.

रांजण रिकामा झाला.

शेवटची वाटी त्या पोराने प्यायली नाही. छातीशी धरली... थेंब सांडू नये म्हणून जपत चालू लागला. टेकडीकडे नाही. गावाकडे.

नायफ पहाटे घरी पोचला, तर बायको नझमिया दारात उभी. रोज उजाडायच्या आत ती लेकाच्या कबरीवर जाऊन यायची. मी नमाजाला निघालो होतो, मीही थबकलो. तिच्या हातात वाटी होती.

"अबू रामिझ," तिने रामिझच्या बापाला विचारलं, "रात्री तुम्ही त्याच्याकडे गेला होतात?"

"नाही."

"मग ही त्याच्या उशाशी कुणी ठेवली?"

काठाला तोच पोचा. नायफ तसाच धावत सुटला. मी त्याच्या मागे.

त्या दिवसानंतर, पोरांनो, नायफने पोराला पाणी दिलं का, असं विचारून कुणाला छळलं नाही. पाणपोई मात्र मरेपर्यंत स्वतः भरली. मला विचाराल तर त्या पहाटेचं एवढंच सांगतो. जुलै महिना होता, सगळ्या कबरस्तानाला भेगा पडल्या होत्या. मी खाली बसून हात लावून पाहिला.

रामिझच्या उशाशी वीतभर माती ओली होती.