रिकाम्या खुर्चीतली बाई

दुपारचे तीन म्हणजे त्या घरात सिनेमाची वेळ. धाकटी पडदे ओढायची, पंखा बंद करायची, कारण पंख्याच्या घरघरीत फिल्ममधले बारीक आवाज हरवतात, आणि टेबलावर लॅपटॉप उघडायची. दादा हातांच्या खुर्चीत बसायचा, ती त्याच्या उजव्या हाताला स्टुलावर. दादाला दिसत नव्हतं. धाकटी बघायची आणि सांगायची.

दादाने सारी उमर सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात घालवली होती. तीस-तीस फुटी चेहरे, परातीएवढे डोळे. मग काचबिंदूने आधी डावा डोळा नेला आणि पाठोपाठ उजवा. "लोकांचे एवढाले डोळे काढले, माझ्यासाठी एक जोडी बाजूला ठेवायची अक्कल नव्हती," असं तो हसत म्हणायचा. धाकटीला त्या विनोदावर कधी हसू आलं नाही. त्या दोघा भावंडांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, आणि दादाला जगात जे काही दिसायचं ते तिच्या तोंडून.

ती सकाळी नऊ ते एक छापखान्यात मुद्रितं तपासायची. चहाच्या सुट्टीत बाकीचे गप्पा मारत, ही मोबाइलवर फिल्मा हुडकत बसायची. गाजलेल्या नव्हेत. कुणीतरी हौसेने केलेल्या, इंटरनेटच्या कोपऱ्यात टाकून दिलेल्या, जेमतेम सात-आठ जणांनी पाहिलेल्या. एकात कुणा मुलीने सिनेमाच्या जुन्या तिकिटांचे तुकडे जुळवून पळणारा घोडा केला होता. एकात एक म्हातारा अकरा मिनिटं एका पेटीच्या किल्ल्या लावून बघतो आणि शेवटी पेटी उचलून घेऊन जातो. दुपारी असलं काही निघालं की तिचा दिवस सत्कारणी लागायचा.

दादाचा एक हट्ट मात्र होता. फिल्म तिने आधी बघायची नाही.

"तू आधी बघितलीस की शेवट तुझ्या आवाजात अगोदरच येऊन बसतो," तो म्हणायचा. "मला कळतो तो. माझ्याबरोबरच बघ."

म्हणून ती नाव आणि लांबी बघून फिल्म निवडायची आणि पहिल्यांदा बघतानाच वर्णन करायची. ते ध्वनिमुद्रित करून नेटवर टाकायची, दादासारख्या इतरांसाठी. दोन-अडीचशे माणसं नेमाने ऐकत.

त्या मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या डोळ्यात उरलेला उजेडाचा अंशही आता गेला. घरी आल्यावर दादाने दिव्याचं बटण दाबलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि परत दाबलं. जेवला नाही. तीन वाजता मात्र खुर्चीत येऊन बसला.

त्या दिवशीची फिल्म आठ मिनिटांची होती. एक खोली, खिडकी, मधोमध एक लाकडी खुर्ची. पडदा मधूनच हलायचा. बस्स. दोन मिनिटं झाली, तीन झाली, काही म्हणता काही घडेना.

"काय आहे?" दादाने विचारलं.

"खोली आहे. खिडकी. एक खुर्ची."

"आणि?"

तो 'आणि' फार थकलेला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईने तिथे स्वतःची एक करून ठेवली.

"खुर्चीत एक बाई बसलीय," ती म्हणाली. "आपल्याकडे पाठ आहे. करडा स्वेटर. केस ओले आहेत, पाठीवर सोडलेत. विंचरतेय हळूहळू."

दादा सावरून बसला. "लांब आहेत?"

"खुर्चीच्या बैठकीपर्यंत."

"पुढे सांग."

ती पाच मिनिटं सांगत राहिली. शेवटी दादा म्हणाला, "धाकटे, किती दिवसांनी मला काहीतरी दिसलं." त्याने कोळसा आणि कागद मागितला आणि बोटांनी कड चाचपत चित्र काढायला घेतलं. धाकटीचा जीव भांड्यात पडला. एवढ्याशा थापेने कुणाचं काय बिघडतंय, असं तिने स्वतःला समजावलं आणि वर्णन नेटवर टाकूनही दिलं.

दुसऱ्या दिवशीची फिल्म होड्यांची होती. ती सांगत असताना दादाने मान तिरकी केली.

"ती आहे यातही?"

"कोण?"

"कालची. फणीचा आवाज येतोय."

"नाही रे. होड्या आहेत नुसत्या."

"बरं," दादा म्हणाला. पण तो ऐकत होता ते होड्यांचं नव्हे, हे तिला दिसत होतं. खोलीत ओल्या केसांचा वास येत होता. दोरीवर न वाळलेले कपडे असतील म्हणून तिने गॅलरीत जाऊन पाहिलं. दोरी रिकामी होती.

त्यानंतर दादा खुलला. जेवू लागला, गुणगुणू लागला, दिवसाला चार-चार चित्रं काढू लागला. सगळी तिचीच. पाठ, केस, खुर्ची. धाकटीला वाटलं, चला, निदान माणसात आला. दहाव्या दिवशी ती छापखान्यातून परतली, तर टेबलावर चेहरा होता.

बाईचा चेहरा, समोरून. रुंद कपाळ, मिटलेले ओठ, आणि डोळ्यांच्या जागी कोरा कागद. आंधळ्या हाताने काढलेला, तरी रेष कुठे चुकली नव्हती.

"हा कुठून आणलास?" तिने विचारलं. "मी तर पाठ सांगितली होती."

"तूच सांगितलास की. काल सकाळी."

"काल सकाळी मी कामावर होते, दादा."

"अकराला आली होतीस. रोजच येतेस हल्ली." तो कोळशाने काळी झालेली बोटं पुसत होता. "घसा बसलाय तुझा, हळू बोलतेस. पण सांगतेस झकास. दुपारच्यापेक्षा सकाळी बरं सांगतेस, खरं तर."

धाकटीने दाराकडे पाहिलं. "मग दार तू उघडलंस का? कडी तर आतून असते."

दादाचा हात थांबला. "मी कुठे दार उघडलं," तो म्हणाला. "तू आतच असतेस..."

त्या दुपारी पडदे ओढले गेले नाहीत. लख्ख उन्हात तिने दोन्ही खोल्या, न्हाणीघर, पलंगाखालची जागा, सगळं धुंडाळलं. कुणी नव्हतं. मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्या खुर्चीत कुणीही नव्हतं, तुझं उतरलेलं तोंड बघवेना म्हणून मी बाई बसवली, माझं चुकलं.

तिला वाटलं होतं तो चिडेल, आणि चिडला असता तर बरं झालं असतं.

"मला फक्त तुझ्या शब्दाचा आधार होता, धाकटे," तो म्हणाला.

"माहितेय."

"पण खुर्ची करकरली होती. ती बसली तेव्हा." तो कुजबुजला. "तू सांगितलंस, आणि मग करकरली..."

तिने ती फिल्म परत लावली. तिला रिकामी खुर्ची दिसत होती, पडदा हलत होता. दादा डोळे मिटून ऐकत होता.

"विंचरतेय," तो म्हणाला. "...थांबली. ...आता उठली."

"खुर्ची रिकामी आहे, दादा."

"चालतेय. इकडेच..."

फिल्म संपली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला, आवाज बंद झाला. दादाची मान मात्र टेबलाकडून हळूहळू वळत गेली, खोली ओलांडून, त्याच्या डाव्या हाताच्या भिंतीपर्यंत, आणि तिथे थांबली. धाकटीने लॅपटॉप मिटला, नेटवरचं वर्णन पुसून टाकलं, चित्रं फाडून बादलीत भिजवली, आणि छापखान्यात फोन करून आठवडाभराची रजा मागितली. दादाला एकटं सोडायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. बाई कोण, कुठली, हे नंतर बघता आलं असतं. दादा हातचा गेला असता तर तिचं सांगणं ऐकणारं घरात कुणी उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच ती स्टुलावर येऊन बसली. दाराला कडी, खिडक्या सताड उघड्या, खोलीभर ऊन. दादा खुर्चीत. दोघांच्यात वीतभर अंतर.

"मी इथेच आहे हं," ती म्हणाली.

"हो गं. कितीदा सांगशील."

पावणेअकरा झाले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. अकरा झाले. तिने श्वास रोखला. काहीच झालं नाही. पाच मिनिटं गेली, आणि तिला स्वतःच्या भित्रेपणाचं हसू येणार इतक्यात तो वास आला, ओल्या केसांचा.

दादाने मान वळवली. तिच्याकडे नव्हे, डावीकडे. आणि तो मान डोलावू लागला, हळूहळू, जशी तो दुपारी तिच्या वर्णनाला डोलवायचा तशी. तिला काही ऐकू येत नव्हतं. फक्त पाणी.

"दादा," ती हळूच म्हणाली, "काय ऐकतोयस?"

"शू... सांगतेय ती."

"काय सांगतेय?"

"फिल्म नवी आहे." त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "एक खोली आहे, म्हणते. खिडक्या उघड्या. खूप ऊन. खुर्चीत एक माणूस बसलाय. पांढरा शर्ट, बोटं काळी."

"दादा, तो तू आहेस. ऊठ. चल इथून."

"त्याच्या शेजारी स्टूल आहे..." तो थांबला. कपाळाला आठी पडली. "स्टूल रिकामं आहे, म्हणते."

"मी बसलेय ना त्यावर." तिचा आवाज फाटला. "दादा, मी आहे. हे बघ, हात बघ माझा." तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत गच्च धरला. तो गार होता आणि त्याने बोटं मिटली नाहीत. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारत राहिली.

दादाने क्षणभर कान टवकारले, खिडकीकडे केले, रस्त्याकडे केले. मग डाव्या बाजूला झुकून त्याने विचारलं, "धाकटे, आता कुणी काही बोललं का?"

तो वाट बघत राहिला. तिकडून उत्तर आलं असावं, कारण त्याच्या कपाळावरची आठी गेली.

"बरं," तो म्हणाला. "पुढे सांग."