रेडिओगाडीतली बसायची फळी

दीर औषधाच्या दुकानातून बाळाचे थेंब घेऊन आले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बाळ तीन रात्री झोपलं नव्हतं, म्हणजे घरात कुणीच झोपलं नव्हतं. सासूबाई आणि मी आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन फिरत होतो. थेंब दिले आणि सगळे गॅलरीत सतरंजीवर येऊन बसलो. आत कुणाला करमत नव्हतं.

नणंद म्हणाली, "बाबा, काहीतरी सांगा. जागायचंच आहे तर."

सासऱ्यांचं केस कापायचं दुकान होतं. खुर्चीत बसून मान खाली घातली की माणूस आपोआप बोलतो, असं ते म्हणतात.

"भुताखेताचं नको हं," मी म्हटलं. "बाळ मांडीवर आहे."

"बरं, नाही सांगत," असं म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते बोलले तसंच लिहिते.

मागच्या रस्त्याला लोखंडाच्या वखारीशेजारी दोन भावांचा सुतारकामाचा कारखाना होता. थोरला माझं गिऱ्हाईक. भारी बोलका. मी एक विचारलं तर तो सात सांगायचा. धाकटा मुखदुर्बळ. त्याला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. बारा दिवसांची.

त्यांच्याकडे एक लष्करी गाडी आली. जुनी, रेडिओची. तिच्या पाठीवर लाकडाची खोली असते, आपल्या न्हाणीघराएवढी. त्यात यंत्र ठेवून एक माणूस निरोप ऐकत बसायचा. यंत्र कधीच कुणीतरी काढून नेलं होतं. खालचं लोखंड ठणठणीत, पण वरच्या लाकडाचा नुसता भुसा. बोट लावलं की आत जायचं. गाडीचा मालक हौशी माणूस. शनिवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथे त्याला ती नव्यासारखी उभी करायची होती.

असलं काम एकदम पाडून करत नाहीत. एक फळी काढायची, नव्या लाकडावर ठेवून पेन्सिलीने आखायची, तशीच कापायची आणि तिच्या जागी बसवायची. मग दुसरी. खोली जुन्याची नवी होते, पण आकार हलत नाही. असं करत त्यांनी सगळं बदललं. भिंती, छप्पर, टेबल, दार. राहिली एक बसायची फळी. ती जुनी असून दगडासारखी टणक.

थोरला म्हणाला, "ही कशाला फेकायची? ही आपल्या दोघांना पुरून उरेल."

आता त्यांच्यात एक रीत होती, बापाने घालून दिलेली. सरस लावला की लाकूड धरेपर्यंत एकटं सोडायचं नाही. सांधा दाबून धरणारे शिकंजे आवळत बसायचं. दुसरा आला की त्याने म्हणायचं, "ऊठ, मी आलो." ते ऐकलं की पहिल्याने हात काढायचा आणि घरी जायचं. पंधरा वर्षं दोघांचं हेच चाललं होतं. त्या आठवड्यात तर दिवसरात्र काम. संध्याकाळपासून धाकटा, रात्री दोननंतर थोरला.

बुधवारची रात्र. थोरला चहाचा थर्मास घेऊन घरून निघाला तेव्हा दोनला पाच कमी होते. मला म्हणाला, "काका, पाय पुढे चालले होते आणि मी मागून येत होतो." इतका थकलेला. रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं.

कारखान्यात दिवा एकच, तोही गाडीच्या तोंडापाशी. मागे खोलीत अंधुक. तो मागची पायरी चढला. फळीवर माणूस बसलेला. पाठमोरा. कोपरं टेबलावर, मान पुढे.

थोरला म्हणाला, "ऊठ, मी आलो."

माणूस हलला नाही. मग हळूहळू उठला. गुडघे कटकटले.

"किती वेळ लावलास..."

आवाज बसलेला होता. थोरल्याला वाटलं, दिवसभर भुसा घशात गेलाय.

"दहा मिनिटं उशीर झाला तर काय आभाळ कोसळलं का? जा, झोप."

माणूस त्याला घासून बाहेर पडला. पायरी उतरला. जमिनीवर बूट वाजले. रात्रपाळी संपलेला माणूस जातो तसा गेला, मागे न बघता. थोरला फळीवर बसला. थर्मासचं झाकण काढलं. आणि मग त्याच्या मनात आलं, धाकटा तर चपलेत काम करतो.

तेवढ्यात फोन वाजला. धाकट्याचा.

"दादा, निघालास का घरून?"

"निघालास का काय? आत्ता तर तुला उठवलं!"

"मला? अरे, मी पाऊण वाजताच घरी आलोय. पोर रडून रडून निळी पडत होती. सरस धरला होता म्हणून आलो. तुला दोनदा फोन केला. तू उचलला नाहीस..."

थोरल्याने उघड्या दाराकडे पाहिलं.

"दादा?"

...

"दादा, तिथे कोण होतं?"

थोरल्याने उठायचं ठरवलं.

(इथे सासरे थांबले. सासूबाईंनी बाळाच्या पायावर पदर ओढला.)

कुणी धरलं नव्हतं. हे त्याने मला तीनदा सांगितलं. "कुणी धरलं नव्हतं, काका. पाय माझेच होते. दार उघडं होतं. पण उठायचं म्हटलं की वाटायचं, मी उठलो आणि आत्ताच निरोप आला तर?"

समोर यंत्र नाही. तार नाही. नुसतं नवं टेबल. तरी तो ऐकत होता. श्वास आवाज करतो म्हणून श्वास रोखून धरत होता.

एक मिनिट...

आणखी एक...

फोनवर धाकटा म्हणाला, "थांब, मी येतो."

येऊ नकोस म्हणायला हवं होतं. थोरला म्हणाला, "ये." मला हे सांगताना त्याने मान वर केली नाही.

दोन पन्नासला धाकटा आला. धापा टाकत. दारात उभा राहिला. भाऊ पांढराफटक, ताठ बसलेला. याला वाटलं, छातीत दुखतंय. तो पायरी चढला. तोंड उघडलं. पंधरा वर्षांची सवय...

"ऊठ दादा, मी..."

थोरल्याने थर्मास फेकून मारला. खणकन. चहा सगळीकडे.

"गप्प! पुढचा शब्द बोलायचा नाही!"

"अरे पण..."

"आत पाय टाकू नकोस. तुला कळतंय का? तू बोलणार, मी उठणार, तू बसणार. मग तुला कोण उठवणार? मीच ना? पोर बारा दिवसांची आहे तुझी!"

धाकट्याला काही कळलं नाही. पण थोरला आयुष्यात त्याच्यावर ओरडला नव्हता, तेवढं त्याला पुरलं.

"मग काय करू, सांग."

"स्क्रू काढ. खालून. फळी माझ्यासकट ओढ."

धाकटा गाडीखाली शिरला. चार स्क्रू. एकेका स्क्रूला दहादा पेचकस घसरला. वर थोरला बसलेला. खालून याने विचारलं, "दादा, आहेस ना?"

...

"दादा?"

"हळू बोल," वरून आवाज आला. "ऐकू येत नाही."

चौथा स्क्रू निघाला. धाकट्याने बाहेर येऊन पायरीवरून हात लांब केले, फळीचं टोक धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. फळी आणि भाऊ, दोन्ही जमिनीवर आले. थोरला उजाडेपर्यंत तिथेच पडून राहिला. जागा.

फळी सकाळीच जाळली. नवी बसवली. शनिवारी गाडी प्रदर्शनात गेली. लोकांनी लाकडावरून हात फिरवून वाहवा केली. पुढे मालकाने ती कुठेतरी लांब विकली.

दीर म्हणाले, "मग सुटला की तो, बाबा."

"सुटला?" सासरे म्हणाले. "त्याला 'ऊठ, मी आलो' असं कोण म्हटलं?"

सासरे पुढे सांगू लागले.

महिन्याभराने तो दुकानात आला. डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, काय रे, झोपत नाहीस का? त्याने एक बोट वर केलं. जरा थांबा, अशा अर्थाने. मान एका बाजूला कलती. तो बोलका माणूस अर्धा तास माझ्या खुर्चीत तसाच बसला. ही सगळी हकिकत त्याने पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, मध्ये मध्ये थांबत.

त्या दिवशी मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. पाणी मारलं. कंगवा घातला आणि कंगवा अडला. या कानापासून टाळूवरून त्या कानापर्यंत केस दबलेले. दोन बोटं रुंद पट्टा. खाली कातडीला खळगा. दोन्ही कानांभोवती गोल वळ, पिकून काळे पडलेले. कानाला लावून ऐकायचं ते जाडजूड यंत्र असतं ना, ते घालून घालून होतं तसं. त्या गाडीत तसलं काही नव्हतं. मी धाकट्याला विचारून खात्री केली.

मी केस उलटे फिरवले. गरम पाणी लावलं. उठले नाहीत.

पोरांनो, डोकं माझ्या धंद्याची गोष्ट आहे. एका रात्रीत काय, महिन्याभरातही असं होत नाही. तसा खळगा पडायला वीस वर्षं लागतात.