पोट पाठीला चिकटवणारा

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली आणि त्याच्या काखेतला प्लॅस्टरचा मेंदू पडता पडता वाचला.

"अहो, जपून! गेल्याच महिन्यात चिकटवलाय मी..."

"म्हणजे हा उपद्व्याप तुमचा?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेंदूचा देठ उलटा बसवलात! मी त्यावरूनच अभ्यास केला, आणि देठाच्या मधल्या भागाचा, पॉन्सचा, फुगवटा मागे असतो म्हणून तोंडी परीक्षेत ठणकावून सांगितलं. नापास! आज दुपारी फेरपरीक्षा आहे. आज आपटले तर वर्ष गेलं माझं!"

कॉलेजातले मोडके नमुने जोडणारा तो कारागीर गोरामोरा झाला. पायरीवरच बसला, सुरीने सांधा सोडवला. "तुम्ही सांगा... मी बसवतो."

"वर मध्यमस्तिष्क. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचं आकसणं तिथून. मधे पॉन्स, त्याचं पोट पुढे... पुढे म्हटलं ना! मागे लहान मेंदू. खाली मेड्युला, मग मज्जारज्जू. श्वास, ठोके, गिळणं, सगळं मेड्युला बघते, आपल्याला न विचारता. उच्—"

"उचकीसुद्धा?"

"हो! उच्— हसू नका!"

"नाही हसत. पण एकदाही अडखळला नाहीत तुम्ही."

खरंच होतं ते. आणि ते त्याने सांगावं, याचाच तिला जास्त राग आला.

दुपारी ती पास झाली आणि तरातरा त्याच्या खोलीत शिरली. "पास झाले! तुमच्या कृपेने नव्हे, सांगून ठेवते! उच्—"

"कोणीतरी आठवण काढतंय," तो ब्रश पुसत म्हणाला. "नाव घ्या, थांबेल."

"होणाऱ्या डॉक्टरला हे सांगताय? ...आई. उच्— बाबा. उच्— मावशी. उच्—"

"अजून कोणी?" त्याचे कान लाल झाले होते.

"...तुम्ही?"

उचकी थांबली. स्वतःच्याच मेड्युलाने असा दगा द्यावा! ती संतापली. "सकाळपासून आठवण काढताय?"

"सकाळपासून नाही... तुम्ही नमुन्यांच्या खोलीत अभ्यासाला बसायचात ना, तेव्हापासून. मी समोरच चिकटवत होतो. तुमच्याकडे बघता बघता... उलटा बसला."

"मग सरळ येऊन बोलायचं की! माझं वर्ष बुडवायला निघाला होतात!" ओरडून ओरडून दमली आणि ती स्टुलावर बसली. "चहा सांगा आता. आणि चिकटवताना माझ्याकडे अजिबात बघायचं नाही."

तो मान खाली घालून हो म्हणाला.

"चिकटवून झालं..." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "की बघा."