पिंगीसाठी थेंब थेंब

फ्रीजरमध्ये टणक झालेली द्राक्षं बाहेर काढली की त्यांचा लगदा होतो. शेजारचा साखर घातलेला आमरस मात्र छान राहतो. असं का? एरवी नीरजाने हे कोडं मावशीला मजेत घातलं असतं. आज ती द्राक्षं आठवून तिला धास्तीच वाटली.

पिंगी सकाळीच मरण पावली होती. पिंगी म्हणजे वाघाटी (घरच्या मांजराहून लहान, ठिपक्यांचं रानमांजर). नीरजाच्या कुमुदमावशीने, म्हणजे प्राणी-केंद्राच्या डॉक्टरने, तिला म्हातारपणापर्यंत जपलं. रानात वाघाट्या आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या, आणि पिंगीला एकही पिल्लू झालं नव्हतं.

मावशीने पिंगीच्या अंडाशयाचे (बीजांडं साठवणारा मादीचा अवयव) पातळ तुकडे केले. ते गोठवायचे होते.

“नको ना मावशी, त्यांचा द्राक्षांसारखा लगदा होईल.” नीरजाला रडू आवरेना.

मावशीने तिला जवळ घेतलं. “नुसतेच गोठवले तर होईलच. पेशींतल्या पाण्याचा बर्फ होताना टोकदार स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात. आमरसात साखर पाण्याला तसं करू देत नाही. आपणही शीतरक्षक (गोठताना पेशींना जपणारं द्रव्य) घालतोय. ते पेशीत शिरतं, थोडं पाणी बाहेर पडतं, उरलेल्याचे मोठे स्फटिक होत नाहीत.”

टेबलापाशी यंत्रमानव थेंब थेंब द्रव्य सोडत होता. नीरजाने त्याचं नाव रेंगाळ्या ठेवलं होतं, ते काही उगीच नाही.

“अरे, एकदम ओत की. तोवर तुकडे खराब होतील.”

“बर्फावर आहेत, नीरजाताई. एकदम ओतलं तर पेशी मरतील,” रेंगाळ्या म्हणाला. “जास्त झालं की हेच विष. त्यांना सोसेल तसं देतोय.”

नीरजा ओशाळली. इतके दिवस आपण याच्या हळूपणाला हसत होतो, याचं तिला वाईट वाटलं.

पहिल्या तुकड्याची नळी हळूहळू थंड होत अखेर द्रवरूप नायट्रोजनच्या (अतिथंड द्रव) पिंपात उतरली.

“पुढे?” नीरजाने विचारलं.

“पुढे कधीतरी तो वितळवून द्रव्य धुऊन काढायचं आणि तुकडा तरुण वाघाटीच्या पोटात रुजवायचा. जमेलच असं नाही म्हणत मी. पण तिथे पिंगीची बीजांडं वाढली, तर तिची पिल्लं आता अशक्य नाहीत.”

“दुसरा तुकडा घेऊ?” रेंगाळ्याने विचारलं.

नीरजाने डोळे पुसले आणि स्टूल त्याच्याशेजारी ओढलं.

“घे. पण घाई करू नकोस हं.”