सगळ्यातलं थोडं थोडं

यामिनी रायपूरच्या गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात शिरली ती माघातल्या अवकाळी पावसामुळे. उगाच उभं राहायला नको, म्हणून तिनं कुकर दाखवायला सांगितलं. गल्ल्याजवळचा तरुण लगबगीनं उठला.

"एकट्या असाल तर हा लहानवाला घ्या."

"मी एकटी आहे का दुकटी, तुम्हाले काय करायचं?"

"तसं नाही हो... मी दुकानदार नाही, सीए आहे. शिशिर. शेठजी जेवायले गेले, मी त्यांचा जीएसटी पाहून राहिलो होतो."

"मग कुकर काहून विकून राहिले?"

"गिऱ्हाईक परत जाईल ना! तसं मी सगळंच करतो. राईस मिलचं ऑडिट, डॉक्टरांचे रिटर्न... सगळ्यातलं थोडं थोडं."

तिनं कुकर घेतला. शिट्टी नीट होईना, तर तक्रार घेऊन ती दुकानात न जाता समता कॉलनीत त्याच्या ऑफिसात गेली. आता कुकरची तक्रार कोणी सीएकडे नेतं का? पण नेली खरी. मग चहा झाला, पुढे तेलीबांधा तलावाभोवती संध्याकाळच्या चकरा सुरू झाल्या, आणि कुकरचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

यामिनी बँकेत नवी अधिकारी होती. प्रोबेशन संपता संपता बँकेनं विचारलं, मुंबईला ट्रेझरीत जाता का? म्हणजे जन्मभर रोखे आणि परकीय चलन, एकाच कामात मुरायचं. नाहीतर जनरल राहा. कर्ज, ठेवी, वसुली सगळं बघा आणि बदली होईल तिथं जा. रायपूर दोन्हीकडे सुटणारच होतं. सुटू नये असं तिला एका माणसापायी वाटत होतं, आणि त्या माणसानं एकदा तरी "जाऊ नका" म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती.

तलावाकाठी तिनं विचारलं, "काय करू?"

शिशिर विचार करून म्हणाला, "ट्रेझरी घ्या. लवकर एका कामात मुरलं की भाव राहतो. जनरलवाल्यांचं काय... सामान बांधा, सामान सोडा."

यामिनीचं डोकंच फिरलं. "बस? क्लायंट आहे का मी तुमची?"

"माझ्या सोयीचा सल्ला मी कोणाले देत नाही."

"तुमची सोय काय आहे, ते तर सांगा!"

तो कठड्याला टेकला. वाऱ्यानं पाणी हलत होतं, तिची ओढणी त्याच्या हातावर येत होती आणि ती तिनं आवरली नाही.

"मले तू आवडते," तो म्हणाला. "लय आवडते. मुंबईत असली तर निदान पत्ता पक्का राहील... शोधत यायले."

यामिनीला हसू आलं, रडूही आलं. तिनं दोन्ही दाबलं.

"मी जनरलच राहणार आहे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही, उगाच फुगू नका. रोज नवा माणूस समोर येऊन बसतो, ते मले आवडते. स्क्रीनसमोर जीव घुसमटीन माझा."

"अन् बदली?"

"कुठंही. जशपूर, सुकमा... काय माहीत."

ती त्याच्याकडे पाहायचं टाळत पाण्याकडे बघत राहिली.

"रिटर्न तर जशपूरलेही भरतात लोक," तो सावकाश म्हणाला.

"अन् तुमचं ऑफिस?"

"भाड्याचं आहे."