ऐकू येतंय का?

आमच्या घरात कुणी न सांगता वाढणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वजन, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मग तळघरातला पाण्याचा पाइप फुटला.

आम्ही दोघं तेव्हा मुलीकडे गेलो होतो. तिच्या नव्या घरातले पडदे बायकोला पसंत नव्हते, त्यामुळे मुक्काम लांबला. परत आलो तोवर पाणी ओसरलं होतं. भिंतीवर घोट्याच्या वर त्याची रेघ राहिली होती आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन आमची वाट बघत थांबला होता. तळघर म्हणजे बायकोचा गाण्याचा वर्ग. दोन स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, एक कीबोर्ड आणि तिचा माइक. हा माइक तिच्या आयुष्यात माझ्या आधी आला आणि त्याची काळजीही माझ्यापेक्षा जास्त घेतली जाते.

स्पीकरच्या कागदी पडद्यांवर करडी-हिरवी बुरशी वर्तुळं काढून बसली होती. माइक पाण्यात नव्हताच, तो उंच स्टँडवर होता. तरी सगळ्यात दाट बुरशी त्याच्याच जाळीवर होती.

आमच्या साउंडवाल्याला सगळे डेसिबल म्हणतात, कारण त्याला हळू बोलता येत नाही. त्याने आल्या आल्या एकदा वास घेतला आणि ओरडला, "वहिनी, सगळं भंगारात!"

"बाकीचं ने हवं तर. माइक नाही. त्यावर माझा आवाज बसलाय."

"आवाज कुठे बसतो माइकवर? थुंकी बसते! थुंकीवर बुरशी!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं, सरांना सुट्टी आहेच, लावा कामाला. सर, आधी कोरडं, मग ओलं. तोंडाला मास्क. सामान अंगणात न्यायचं, मऊ ब्रशने झटकायचं, मग धातूला स्पिरिट. जाळीच्या आतला स्पंज धुवायचा. आणि पुसलेली फडकी पिशवीत घालून, गाठ मारून फेकायची. घरात ठेवायची नाहीत. बुरशी फडक्यात मरत नाही, नुसता मुक्काम हलवते."

मी कॉलेजात सांख्यिकी शिकवतो. कुणी क्रमवार सूचना दिल्या की मला बरं वाटतं.

अंगणात जुनी चादर अंथरून मी कामाला बसलो. ब्रश फिरवला की बुरशीची बारीक पूड उडायची आणि उन्हात क्षणभर तरंगायची. माइकची जाळी फिरवून काढली. आतला स्पंज काळा पडला होता आणि बोटांना कोमट लागला. उन्हात ठेवलेली वस्तू कोमट लागणारच. स्पिरिटने जाळीचं एकेक भोक पुसलं, फडकी हाताला लागलेल्या पारदर्शक पिशवीत कोंबली, दोन गाठी मारल्या. पिशवीला आतून वाफ धरली. मग ती विरली. मग पुन्हा धरली. ओली फडकी, वर ऊन, त्यामुळे मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो.

आमच्याकडे माइक तपासायची एक पद्धत आहे. बायको तळघरातून विचारते, "ऐकू येतंय का?" आणि मी वरून ओरडतो, "येतंय!" मी पेपर वाचत असतो, दाढी करत असतो, कधी फोनवर असतो. इतक्या वर्षांत एकदाही "नाही" म्हणालेलो नाही. त्या दिवशीही खालून काहीतरी आल्यासारखं वाटलं आणि मी "येतंय" म्हणालो.

जेवताना तिचा आवाज बसलेला होता.

"स्पिरिटचा वास घशात गेला असेल," मी म्हणालो.

"असेल. वर्ग सुरू व्हायच्या आत सुटला म्हणजे मिळवली. मुलींच्या आयांचे फोन यायला लागलेत."

आवाज सुटला नाही. बुरशी मात्र परत आली. स्पीकर स्वच्छ राहिले, कीबोर्ड स्वच्छ राहिला, फक्त माइकच्या जाळीवर पुन्हा करडी लव उगवली. मी पुन्हा पुसली, पुन्हा पिशवी, पुन्हा गाठी. दुसऱ्या दिवशी बायको कीबोर्डशी बसली आणि वरच्या सुरांपाशी नुसती तोंड उघडून राहिली. तिथे जिना संपल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. "उत्तम आहे," ते म्हणाले. "या वयात इतका स्वच्छ घसा मी पाहिलेला नाही. कुणीतरी पुसून ठेवल्यासारखा."

ते स्वतःच्या विनोदावर हसले. मीही हसलो. त्यांची फी तशी होती.

दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एक दुसरीचं कारण होत नाही, हे मी पोटापाण्यासाठी शिकवतो. म्हणून मी तपासून पाहिलं. स्पीकर पुसले. तिच्या आवाजात फरक नाही. माइक पुसला. संध्याकाळपर्यंत ती कुजबुजीवर आली. मग माइकला हातच लावला नाही. जाळीवर बुरशी चढत गेली, दाट झाली, आणि एका सकाळी कप विसळताना बायको गुणगुणली. दोनच ओळी, त्याही खालच्या सुरात, पण गुणगुणली.

मी मोरीच्या दारात उभा राहून ऐकलं. बहुधा पहिल्यांदाच.

"काय बघतोस?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? सांख्यिकीचा प्राध्यापक बायकोला म्हणतोय, तुझा आवाज बुरशीत आहे, आणि त्यातला बराचसा मी गाठी मारून कचऱ्यात टाकलाय. ती हसली असती. हसायलाही आवाज लागतो, आणि तिच्याकडे तो मोजकाच उरला होता.

"काही नाही," मी म्हणालो. "माइकला हात लावू नकोस हं. मी बघतो."

आमच्या घरात "मी बघतो" याचा अर्थ कुणीच बघणार नाही, असा आहे. गळक्या नळापासून मुलीच्या शाळेपर्यंत मी ज्या ज्या गोष्टी बघतो म्हणालो, त्या सगळ्या अखेर तिनेच केल्या.

सुट्टी संपली, त्या दिवशी मी कॉलेजातून परत आलो तेव्हा तळघरातले सगळे दिवे लागलेले होते. फरशी धुतलेली. उदबत्ती लावून वासही घालवलेला. वर्गातल्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या. स्टँडवर माइक दुकानातून आत्ताच आणल्यासारखा चकाकत होता.

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. मोठं काम उरकल्यावर ती अशीच उभी राहते. तिने माइककडे बोट दाखवलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही. कुजबुजसुद्धा नाही.

तिने घसा खाकरला. त्याचाही आवाज झाला नाही.

"फडकी कुठेयत?" मी विचारलं.

तिने हवेत पिशवी धरली, गाठ मारली आणि रस्त्याकडे हात केला. डेसिबलने सांगितलं होतं, अगदी तसंच.

डबा रिकामा होता. मी गाडी काढून कचऱ्याच्या गाड्या लागतात त्या आवारात गेलो. फाटकावरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं.

"पिशवी कशी होती?"

"काळी, कचऱ्याची असते तशीच. वर गाठ मारलेली."

त्याने मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. तिथे डोंगर होता, काळ्या पिशव्यांचा, गाठ मारलेल्यांचा.

"आणि गाडी अजून फेरीवर असेल तर?"

"मग तीही इथेच येणार. साहेब, सोनंनाणं होतं का आत?"

"नाही," मी म्हणालो.

"मग घरी जा."

मी घरी गेलो.

बायको हॉलमध्ये बसली होती. मी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मग मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचा घसा बरा झाला वाटतं!"

"का गं?"

"का म्हणजे? मला ऐकू येतंय की. काय मोकळा लागलाय आवाज! पण तुम्ही बाहेर आहात का? मागे ट्रकची घरघर येतेय."

खिडक्या बंद होत्या. रस्त्यावर काहीच नव्हतं.

"कावळेपण आहेत," मुलगी म्हणाली. "कुठे फिरायला गेलायत?"

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"तुलाच विचारतेय. सारखं तेच. ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. अरे, उत्तर दे ना तिला."

मी फोन कानाशी घट्ट दाबला. मला मुलीचा श्वास तेवढा ऐकू आला.

"येतंय," मी म्हणालो.

पलीकडे मुलगी हसली. "आई म्हणतेय, हा नेहमीसारखा न ऐकताच म्हणतोय."

समोर बायको पाणी पीत होती. ग्लास अजून तिच्या ओठांनाच होता.