बुधवारी धरलेली जागा

"अकरा वर्षं! अकरा वर्षांची आमची जागा, आणि कुणा उपटसुंभानं इथं तंबू ठोकलाय. तोही वाकडा!"

तंबूच्या आत नेड्रा मोज्यातली वाळू झटकत होती. तिचा हात थांबला. कापडापलीकडं हातभर अंतरावर कुणीतरी कुरकुरत होतं... आणि तो आवाज वर्षभर तिनं फक्त मनातल्या मनात ऐकला होता.

वेल्डन!

युटाच्या त्या वाळवंटी उद्यानात तेव्हा जागा आधी नोंदवायची सोय नव्हती. ईस्टर जवळ आला की घरातलं एकजण बुधवारीच पुढं जायचं, तंबू ठोकून जागा धरायचं. बाकीची मंडळी शुक्रवारी बिडाची भांडी, बटाटे आणि रंगवलेली अंडी घेऊन पोचायची. बुटक्या, फुगीर डोक्यांच्या लाल खडकांच्या त्या जत्रेत नेड्राच्या घरची आणि वेल्डनच्या घरची जागा शेजारी शेजारी होती. पण आता वेल्डनचे आईवडील थोरल्या मुलाकडं राहायला गेले होते. वेल्डन दूर अलास्कात विमानांची इंजिनं दुरुस्त करत होता. यंदा त्या जागेवर कुणीच येणार नव्हतं.

तरी नेड्रानं आपला तंबू उभारून झाल्यावर तिथंही एक ठोकला होता. का, ते तिला कुणी विचारू नये म्हणजे झालं!

तिनं चेन सर्रकन उघडली. "वाकडा नाहीये. वाऱ्याकडं पाठ करून ठोकलाय."

वेल्डननं टोपी काढली, परत घातली. "नेड्रा! म्हणजे... उपटसुंभ तू?"

"मीच. तू कसा काय इथं?"

"रजा मिळाली. सोमवारी परत जायचंय. म्हटलं, खडक बघून यावेत."

"खडक तिकडं आहेत."

"हो, असतील..." त्यानं मान काही वळवली नाही. "पण तू आमच्या जागेवर काय करतेस?"

"कपडे वाळत घालायला जागा लागते मला."

"चार दिवसांच्या मुक्कामात?"

"मी स्वच्छतेनं राहते. काही माणसांना नाही कळायचं ते."

तो हसला. तेच ते हसणं, आधी डोळ्यांत आणि मग ओठांवर.

दुपारी वारा चढला. वाळूत खुंट्या टिकेनात. मग दोघांनी पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोऱ्या बांधल्या आणि त्या पुरायला गुडघे टेकून खड्डे खणले. एका खड्ड्यात त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. कुणीच हात काढला नाही.

"पत्राचं उत्तर नाही दिलंस," तो हळूच म्हणाला.

पत्रात एकच ओळ होती—माझ्याकडं येशील? तिनं ते इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद विरला होता.

"डॅड एकटे..." ती म्हणाली, आणि पुढचे शब्द वाऱ्यानंच नेले असावेत.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वडलांचा, ओरिनचा, नाश्ता, औषधं, इस्त्रीचे शर्ट, सगळं नेड्रा बघायची. "नेड्रा आहे म्हणून बरं," असं सगळे म्हणायचे. ते ऐकताना ती हसायची, कारण दुसरं काय करणार?

शुक्रवारी मंडळी आली. लारू आत्यानं गाडीतून पाय खाली ठेवला नाही तोच, "अगंबाई, हा कुठून उगवला? आता तरी—" म्हटलं. मग भावाकडं बघितलं आणि वाक्य गिळलं. त्यानंतर दोन दिवस अलास्कातल्या अस्वलांवर, थंडीवर, तिथल्या माशांवर बोलणं झालं. वेल्डनला तिथं एकटं वाटतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रविवारी पोरांनी खडकांच्या फटींतून अंडी शोधली. वेल्डन आपल्या जागेवरचा तंबू उतरवायला लागला. नेड्रा त्याला दोऱ्या सोडवून देत होती, एकेक, उगाच सावकाश...

"पुढच्या वर्षी जागा धरू नकोस," तो म्हणाला. "मी नाही येणार आता. इथं येऊन नुसतं बघून जाणं... जमत नाही मला."

तिनं मान हलवली. डोळे वर केले असते तर पाणी सांडलं असतं.

निखाऱ्यांपाशी ओरिन बसला होता. चिमट्यानं भांड्याच्या झाकणावरचे निखारे बाजूला करत होता. तो चिमटा त्यानं खाली ठेवला, उठला, आणि लेकीच्या हातातली दोरी काढून घेतली.

"राहू दे, मी सोडवतो."

"डॅड, तुम्ही बसा. तुमची कंबर—"

"कंबर माझी आहे, ती बघेन मी." त्यानं दोरीची गाठ सोडवली.

"तुझा याच्यावर जीव आहे, नेड्रा," ओरिन म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही. एकटं राहायची भीती मला वाटत होती गं... म्हणून मी तुला जाऊ दिलं नाही. आता जा तू, याच्याबरोबर."